सहज पाहणाऱ्याचे मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटाविषयी मत देण्याचा अधिकार कोणाचा, असे विचारले तर तीन उत्तरे ठरलेली असतात. समीक्षक म्हणतो, ज्याला माध्यम कळते त्याचा. धंदेवाला म्हणतो, जो तिकीट काढतो त्याचा. चळवळीतील कार्यकर्ता या दोघांवर टीका करतो खरा, परंतु त्याचेही उत्तर तयारच असते : ज्याची भूमिका बरोबर, त्याचा. या तिन्ही उत्तरांच्या फटीतून एक माणूस निसटून जातो. तो महिन्यातून दोनचार गोष्टी पाहतो. कधी चित्रपट, कधी माहितीपट, कधी एखाद्या विनोदी कलावंताचा एकट्याचा कार्यक्रम. पुष्कळदा त्याने ते निवडलेलेही नसते, समोर आले म्हणून पाहिलेले असते. पूर्वी तो गिरणगावात राहत होता, आता त्याची मुले त्याला बदलापूरला घेऊन गेली आहेत, अशी कल्पना करावी. किंवा ती साताऱ्याकडील एखाद्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, असे समजावे. मत विचारले तर तो किंवा ती दोन वाक्यांत सांगते आणि चहा ठेवायला उठते. आजच्या विवेचनाचा विषय ती दोन वाक्ये आहेत.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या माणसाला फार मोठा मान दिलेला आहे. तेथे तो ग्राहकराजा आहे. त्याच्या आवडीनुसार उत्पादन होते, असे तेथे शिकवले जाते. वस्तुस्थिती अशी की या राजाला त्याच्यापर्यंत जे पोहोचते त्यातूनच निवड करावी लागते, आणि काय पोहोचावे हे त्याच्या दरबाराबाहेर ठरते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चारसाडेचार दशकांत हे ठरवण्यात सरकारचा वाटा मोठा होता. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिची वार्तापत्रे व माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे ही चित्रपटगृहाच्या परवान्याची अट होती आणि त्यासाठी चित्रपटगृहाला भाडेही मोजावे लागे. ही सक्ती मुळात युद्धकाळात ब्रिटिश सरकारने आणलेली. स्वतंत्र भारताने ती थोड्या खंडानंतर पुन्हा स्वीकारली. हेतू लोकशिक्षणाचा होता यात शंका नाही. परिणाम असा झाला की धरणाचे दरवाजे उघडू लागले, निवेदकाचा धीरगंभीर आवाज घुमू लागला, की अर्धे प्रेक्षागृह बिडी ओढण्यासाठी बाहेर जाई. लोक अडाणी होते म्हणून ते बाहेर जात, असा निष्कर्ष काढणारे अधिकारी होते आणि असा निष्कर्ष काढणारे समाजवादीही होते.

परंतु जे बाहेर गेले नाहीत त्यांनी काय पाहिले, हेही नोंदवले पाहिजे. १९६७ साली याच सरकारी संस्थेतून एस. सुखदेव यांचा 'इंडिया ६७' निघाला आणि एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेन्टी'. शास्त्रींनी १९४७ साली जन्मलेल्या तरुणतरुणींना देशाविषयी, पोटापाण्याविषयी आणि स्वप्नांविषयी प्रश्न विचारले आणि उत्तरे जशी आली तशी ठेवली. त्यांतील काही उत्तरे कोणत्याही सरकारला गोड वाटावीत अशी नाहीत. तो आज पाहिला तरी प्रेक्षक उठत नाही, याचे कारण साधे आहे : त्यात पडद्यावरची माणसे बोलतात आणि निवेदक गप्प बसतो. सहज पाहणाऱ्याला माहितीचे वावडे कधीच नव्हते. त्याला अडचण होती ती वरून येणाऱ्या आवाजाची. सक्तीच्या प्रदर्शनाची ही पद्धत १९९० च्या दशकात संपली आणि २०२२ साली फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. या संस्थेच्या अखेरीविषयी चळवळीत फारशी हळहळ व्यक्त झाली नाही. ती व्हायला हवी होती. सक्ती वाईट होती म्हणून कोठारही वाईट ठरत नाही.

सरकारला हा माणूस शिकवण्याजोगा वाटत होता, तसाच तो धोकादायकही वाटत होता. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'ए टेल ऑफ फोर सिटीज' या छोट्या माहितीपटावरून झालेल्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या पूर्वपरीक्षणाला मान्यता दिली. त्यामागील एक विचार असा, की इतर कलांपेक्षा चित्रपट माणसाच्या भावना अधिक खोलवर ढवळतो, तेव्हा त्याला वेगळा नियम लावणे योग्य. न्यायालयाचा मान राखूनही म्हणावे लागते की वर्तमानपत्र वाचणाऱ्या नागरिकाची सारासारबुद्धी चित्रपटगृहाच्या दारात गळून पडते, असे मानण्याला फारसा आधार नाही.

पुढे पाच वर्षांनी आणीबाणी आली. तत्कालीन काँग्रेस खासदार अमृत नाहटा यांचा 'किस्सा कुर्सी का' परीक्षण मंडळाकडे असतानाच जप्त झाला. त्याच्या प्रती आणि मूळ निगेटिव्ह नष्ट करण्यात आल्या. १९७९ साली सत्र न्यायालयाने या प्रकरणी संजय गांधी व विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरवले आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. हा इतिहास कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. आणीबाणीनंतर नाहटांनी चित्रपट पुन्हा तयार केला, तो प्रदर्शित झाला, आणि उत्सुकतेने गेलेला प्रेक्षक काहीसा हिरमुसून परतला. उपहास ढोबळ आहे, प्रतीके डोक्यात हातोडीने ठोकल्यासारखी आहेत. जनता नावाची मुकी स्त्री पडद्यावर आली की तिचा अर्थ कळायला क्षणही लागत नाही, आणि मग उरलेला वेळ काय करावे असा प्रश्न पडतो. तुरुंगातून सुटून आलेल्या मंडळींना हे मत कृतघ्नपणाचे वाटले असेल. पण ते बरोबर होते. जाळल्यामुळे चित्रपट चांगला होत नाही, आणि चांगला नसल्यामुळे तो जाळण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. नागरिकाला पाहण्याचा हक्क आहे म्हणजे त्यातच कंटाळण्याचा हक्कही आला. जो चित्रपट पाहायला मिळत नाही, त्याचा कंटाळाही येऊ शकत नाही. त्याची फक्त आख्यायिका होते.

या कंटाळ्याकडे चळवळीने गंभीरपणे पाहिलेले नाही. पक्षाच्या वतीने एखादा माहितीपट दाखवायचा म्हणजे आधी पाऊण तास प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, मग चित्रपट, मग त्याचा अर्थ समजावून सांगणारे भाषण. प्रेक्षकाला औषध पाजावे तसा हा प्रकार. आणि मागच्या रांगेतील बाई उठून गेली की 'अभिरुची बिघडलेली आहे' हे निदान. फिल्म्स डिव्हिजनचा अधिकारी याहून निराळे काय म्हणत होता?

औषध न पाजता काय घडू शकते याचे उदाहरण 'मंथन'मध्ये आहे. श्याम बेनेगल यांचा हा १९७६ सालचा चित्रपट. गुजरातमधील दूध उत्पादक सहकारी संस्थांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये देऊन त्याचे भांडवल उभे केले. म्हणजे १० लाख रुपये, आणि मालक पाच लाख. पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर हे मालक खेड्यापाड्यांतून ट्रक भरभरून तो पाहायला आले. भांडवल, उत्पादन आणि उपभोग यांचा असा संबंध भारतीय चित्रपटाच्या इतिहासात फार क्वचित जुळलेला आहे. २०२४ साली या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली तेव्हा त्याच्या छायाचित्रणाची, अभिनयाची चर्चा झाली. दोन रुपयांचा उल्लेख एखाद्या गमतीसारखा आला. वास्तविक तोच मुद्दा आहे. आणि या चित्रपटाविषयी सहज पाहणारा काय म्हणतो? तो म्हणतो, 'डॉक्टर शेवटी निघून जातो ते बरे केले.' शहरातून आलेले डॉक्टर राव गेल्यावर संस्था टिकवण्याचे काम भोलावर, गावातल्या त्या तापट तरुणावर येऊन पडते. नायक निघून गेल्याने चित्रपट अपुरा राहिला, अशी तक्रार सुशिक्षितांकडून ऐकू येते. गावाकडचा माणूस मात्र अशी तक्रार करीत नाही, कारण बाहेरून आलेले अधिकारी जातात हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

मराठीतही अशी मते वेचता येतात. जब्बार पटेल यांच्या 'सामना'त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आणि दारूत बुडालेला, स्वातंत्र्यलढा पाहिलेला मास्तर समोरासमोर येतात आणि मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा प्रश्न हवेत लटकत राहतो. सहकाराविषयी चिकित्सा करणारे कित्येक प्रबंध ग्रंथालयांत पडून आहेत. त्या प्रश्नाने जेवढे काम केले तेवढे त्यांनी केलेले नाही. आणि तरीही प्रेक्षकाला हिंदुराव आवडतो! हे निळू फुल्यांचे यश आणि हीच अडचणही. सत्तेला एक मोहक बेरकीपणा असतो हे प्रेक्षक ओळखतो, त्याला हसतो, आणि मतही कदाचित त्यालाच देतो. 'सिंहासन'मध्ये (१९७९) तेच निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस होतात आणि सारा खेळ पाहून अखेरीस त्यांच्या डोक्यावर परिणाम होतो. 'उंबरठा'वर (१९८२) तर घराघरांत भांडणे झाली. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री असते, आणि ती पुन्हा गाडीत बसते. तिने मुलगी सोडायला नको होती, असे म्हणणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्त्या त्यांच्यावर रागावत. परंतु मुलीचा प्रश्न विचारणे हे प्रतिगामी नव्हते. मुलीला सांभाळायचे कोणी, हा श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि तो त्या बायकांनी सिद्धान्ताचा आधार न घेता विचारला होता.

येथे विनोदाकडे वळले पाहिजे, कारण या चळवळीचा विनोदाशी असलेला संबंध ती स्वतःच विसरत चालली आहे. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. राम नगरकर तेथूनच आले. दादा कोंडकेही सेवा दलाच्या वाऱ्यात वाढले. पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य कलापथकासाठीच लिहिले. त्या शीर्षकातच पुढाऱ्याची जी टिंगल आहे ती विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यापुरती राखून ठेवलेली नाही. स्वतःकडे पाहून हसता येते असा एक समाजवादी गोतावळा महाराष्ट्रात होता. त्याच हसण्यातून पुढे 'बटाट्याची चाळ' एकट्या माणसाने रंगमंचावर उभी केली आणि लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त ५२ पात्रे एका देहात वागवली. आज तरुण मंडळी ज्याला स्टँडअप म्हणतात, तो एका माणसाने माईक घेऊन केलेला तासाभराचा विनोदी कार्यक्रम मराठी माणसाला नवा नाही. फरक असलाच तर तो शेजाराचा आहे. चाळीतल्या विनोदात शेजारी होते. आजच्या पुष्कळ विनोदात एकटा तरुण, त्याची नोकरी, त्याचे प्रेमभंग आणि विमानातला सहप्रवासी एवढेच उरते. सहज पाहणारा ते मुलीच्या मोबाईलवर पाहतो, दोनदा हसतो, शिव्या फार आहेत म्हणतो आणि परत देतो.

विनोद कोणाकडे बोट दाखवतो, हीच त्याची परीक्षा. चार्ली चॅप्लिन १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींना भेटला. त्यांच्यात यंत्राविषयी बोलणे झाले. पाच वर्षांनी 'मॉडर्न टाइम्स' आला. त्या भेटीचाच हा परिणाम, असे ठामपणे म्हणण्याचा मोह टाळावा. मंदीतली बेकारी समजून घ्यायला चॅप्लिनला कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती. पण त्यातला एक प्रसंग प्रत्येक पक्षकचेरीत दाखवण्याजोगा आहे. ट्रकवरून धोक्याचे लाल निशाण पडते, चार्ली ते उचलून ट्रकवाल्याला हाका मारीत धावतो, मागून मोर्चा येतो, आणि पोलिसांच्या लेखी तो मोर्चाचा पुढारी ठरतो. मोर्चाला यात कोठेही हिणवलेले नाही. हसू येते ते पुढारीपण कसे अंगावर येऊन पडते याचे. कुंदन शहा यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) याच जातीचा. चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत झालेला हा चित्रपट बहुतेकांनी चित्रपटगृहात नव्हे, दूरदर्शनवर पाहिला. बांधकाम ठेकेदार, आयुक्त, पूल, प्रेत आणि महाभारताच्या प्रयोगाचा उडालेला बोजवारा; हसून पोट दुखत असतानाच शेवटी दोन निरपराध छायाचित्रकार कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर चालताना दिसतात. 'असे व्हायला नको होते', एवढेच प्रेक्षक म्हणतो. त्याच्या तोंडी ही कमी प्रतीची समीक्षा नाही.

उलट बाजूचे हसूही असते आणि त्याचे अतिशय नेमके चित्र चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये आहे. शाहिरावर खटला चालवणारी सरकारी वकील सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. नाटक परप्रांतीयांची खिल्ली उडवते आणि सारे प्रेक्षागृह खदखदून हसते. ती बाई राक्षसीण नाही. लोकलने घरी येते, मुलाला आणते, स्वयंपाक करते. तीही एक सहज पाहणारीच आहे. म्हणून या माणसाचे मत नेहमी बरोबर असते, असा भाबडा सिद्धान्त कोणी मांडू नये. ते मत चुकीचे असू शकते आणि विषारीही असू शकते. मुद्दा एवढाच की ते उघड्यावर यावे, त्याच्याशी वाद घालता यावा.

पण आता तेच अवघड होऊ लागले आहे. २०२१ च्या पहिल्या दिवशी इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदी कलावंताला कार्यक्रमातून अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने केलेल्या विडंबनावरून शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खार येथील हॅबिटॅट या स्टुडिओची मोडतोड केली, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे कर्मचारी तेथे बेकायदा बांधकामाच्या कारणावरून हातोडे घेऊन पोहोचले. ती चित्रफीत काही दिवसांत लक्षावधींनी पाहिली. कित्येकांना विनोद फारसा आवडला नाही. शाळेतल्या विडंबनगीतांहून तो वरचा नाही, असे म्हणणारेही होते. त्यांना तसे म्हणता आले ते फीत पाहता आली म्हणून. 'किस्सा कुर्सी का'च्या वेळचाच हा न्याय आहे. आता निगेटिव्ह जाळून भागत नाही, म्हणून खुर्च्या मोडतात. आणि मोडलेल्या खुर्च्यांचा खर्च कलावंतापेक्षा जागेच्या मालकावर पडतो, म्हणजे पुढच्या वेळी जागाच मिळत नाही. अर्थशास्त्र दडपशाहीलाही कळते.

माहितीपट लोकांना नको असतो, या समजुतीचा निकाल आनंद पटवर्धन यांच्या कामाने कधीच लावलेला आहे. दूरदर्शनवर जागा मिळवण्यासाठी त्यांना वेळोवेळी न्यायालयाची पायरी चढावी लागली. 'हमारा शहर'मध्ये (१९८५) झोपडी तुटलेली एक बाई कॅमेऱ्यापुढे त्यांनाच फटकारते, की आमची चित्रे काढून आमचे काय भले होणार? दिग्दर्शकाने ते कापले नाही. त्या चित्रपटात गाणारे विलास घोगरे हे शाहीर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. काही दिवसांतच घोगरे यांनी कपाळाला निळी पट्टी बांधून आयुष्य संपवले. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तेथून सुरू होतो. तो बनायला १४ वर्षे लागली आणि तो तीन तासांहून मोठा आहे. घोगरे यांना त्यांच्या डाव्या संघटनेनेच दूर लोटले होते, हेही तो लपवीत नाही. मुंबईच्या वस्त्यांतून तो दाखवला गेला तेव्हा लोक शेवटपर्यंत बसले. त्यांना कोणी बसवून ठेवले नव्हते. पडद्यावर त्यांची गाणी होती, त्यांची माणसे होती आणि ज्याचा निकाल त्यांना हवा होता तो खटला होता. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'विषयीही असेच म्हणता येईल. शाळेच्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांसमोरून डुक्कर वाहून नेणारे ते कुटुंब पाहताना प्रेक्षागृहात जी शांतता पसरे, ती कोणी भाषण करून निर्माण केलेली नव्हती.

उरला प्रश्न पोहोचण्याचा. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सवलत चांगली आहे. पण शहरांतील मोठ्या संकुलांत शंभर रुपयांच्या आतले तिकीट शोधावे लागते, आणि जेथे ते सहज मिळे ती एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडत गेली. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूंची अवस्था शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात पाहावी. गंजत चाललेले प्रक्षेपक आणि तंबूत कनातीखालून डोकावणारी पोरे त्यात आहेत. आता चित्रपट हातातल्या फोनवर येतो. तो फुकट वाटतो, पण तेथे प्रेक्षक हाच माल आहे. त्याचा वेळ जाहिरातदाराला विकला जातो. शिवाय तो एकट्याने पाहतो, आणि शेजारी कोणी हसले का, कोणी उठून गेले का, हे त्याला कळत नाही. दोन वाक्यांचे ते मत ऐकायला कोणी उरत नाही.

शाखांनी याबाबत काही करायचे ठरवले तर ते खर्चाचे काम नाही. प्रक्षेपक पूर्वीइतका महाग राहिलेला नाही, पडद्याला पांढरी चादर चालते. चित्रपट चळवळीचाच असावा असा आग्रह नको. महिन्याआड एखादा विनोदी असावा. दार उघडे ठेवावे. भाषण ठेवायचेच असेल तर चित्रपटानंतर ठेवावे, आणि त्याआधी मागच्या रांगेतील माणसांना विचारून घ्यावे, की तुम्हाला काय वाटले.